कोणी एक स्मिथ

इंग्रजीत एखाद्या माणसाचे नाव सांगायचेच नसेल तर त्याला जॉन स्मिथ म्हणतात. फॉर्म कसा भरावा याचा नमुना छापायचा असेल तर त्यात जॉन स्मिथ, लॉजच्या रजिस्टरात खोटे नाव लिहायचे तर जॉन स्मिथ, आणि आम्ही सॉफ्टवेअरवाले चाचणीसाठी खोटी गिऱ्हाइके तयार करतो तेव्हा त्या यादीतही पहिला मान त्याचाच. आपल्याकडे 'अमुक तमुक' जे काम करतात, ते तिकडे हा एकटा करतो. पण खरेखुरे जॉन स्मिथही होऊन गेले आहेत, आणि त्यांतल्या एकाची सही आपल्या महाराष्ट्रात, एका फार जुन्या खांबावर, दोनशे वर्षे टिकून आहे. स्मरणिकेसाठी "इतिहासावर काहीतरी लिही" असा निरोप आला तेव्हा मला हा माणूस आठवला. त्याच्याबद्दल वाचू लागले तर त्याच साली जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यांत आणखी दोन स्मिथ सापडले. हा लेख मुख्यतः त्या तिघांचा आहे. मात्र आधी आडनावाबद्दल थोडे.

स्मिथ म्हणजे लोहार, किंवा धातूकाम करणारा कारागीर. इंग्लंडमध्ये साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांत आडनावे स्थिरावली. तेव्हा बहुतेक जनता शेतीवर जगत होती, तरी 'शेतकरी' या अर्थाचे आडनाव स्मिथइतके पसरले नाही. कारण सरळ आहे. गावात शंभर शेतकरी असतील तर 'शेतकऱ्याचा जॉन' म्हणून कोणता जॉन ते कळणार नाही. लोहार मात्र गावात एकच, त्यामुळे 'लोहाराचा जॉन' म्हटले की ओळख पटली. गावापुरते हे नाव अगदी नेमके होते. पुढे माणसे गावे सोडून शहरांत गोळा झाली आणि प्रत्येक गावातला तो एकुलता एक लोहार एकाच यादीत आला. आज इंग्लंड, स्कॉटलंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या सगळीकडे स्मिथ हेच पहिल्या क्रमांकाचे आडनाव आहे. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे २४ लाख स्मिथ नोंदले गेले.

आपल्याकडे वेगळे काय झाले? गावात पाटील एक, कुलकर्णी एक, जोशी एक, सुतार एक. म्हणून ती नावे गावात ओळखीची. आणि आपल्या हजेरीपटात पाहा, बाईंना प्रत्येक पाटलाला हाक मारताना बापाच्या नावाचे आद्याक्षर लावावे लागे. डेटाबेस लिहिणारा कोणीही सांगेल की नाव ही कधीच 'प्रायमरी की' धरू नये. एका नावाची दोन माणसे निघतात, आणि मग एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. इतिहासात पैशांऐवजी श्रेय जाते, एवढाच फरक.

सगळेच स्मिथ लोहाराचे वंशजही नाहीत. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत जर्मन नाव सांगणे अवघड झाले तेव्हा अनेक श्मिट रातोरात स्मिथ झाले. त्यात निदान अर्थ तरी तोच राहिला, लोहाराचा लोहार. पण व्हेंचर स्मिथची गोष्ट तशी नाही, आणि ती घाईने सांगून चालणार नाही.

हा माणूस पश्चिम आफ्रिकेत १७२९ च्या सुमारास जन्मला. नाव ब्रोटियर, बाप तिथला राजा. सहा-आठ वर्षांचा असताना शत्रूच्या टोळीने हल्ला केला, त्याच्या डोळ्यांदेखत बापाला हाल करून मारले आणि मुलाला किनाऱ्यावर आणून गुलामांच्या जहाजावर विकले. जहाजावरच्या एका कारभाऱ्याने त्याला स्वतःच्या खाजगी पैशांतून घेतले. किंमत होती चार गॅलन रम आणि कॅलिकोचे एक कापड. कॅलिको हे नावच आपल्या कालिकतवरून पडले आहे. नाव आपल्या किनाऱ्याचे, सौदा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा आणि माल म्हणजे एक पोर. त्या कारभाऱ्याने मुलाचे नाव ठेवले व्हेंचर, म्हणजे धंद्यातली जोखमीची गुंतवणूक. आज कंपनी काढणारी तरुण मंडळी 'व्हेंचर' हा शब्द दिवसातून दहादा उच्चारतात. मला तो आता पूर्वीसारखा उच्चारता येत नाही.

हा मुलगा अमेरिकेत वाढला, धिप्पाड झाला आणि मालक बदलत बदलत कर्नल ऑलिव्हर स्मिथ याच्याकडे आला. मालकाचे काम संपल्यावर उरलेल्या वेळात तो मजुरी करी आणि पैसे साठवी. १७६५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने ७१ पौंड २ शिलिंग मोजून स्वतःला विकत घेतले आणि शेवटच्या मालकाचे आडनाव लावले. मग लाकडे तोडून, मासे धरून, होडीतून मालाची ने-आण करून त्याने आधी दोन मुलगे सोडवले, नंतर बायको मेग आणि मग मुलगी. मेगसाठी ४० पौंड पडले. तेव्हा ती गरोदर होती, आणि आधीच सोडवल्यामुळे आणखी एक मूल विकत घेण्याचा खर्च वाचला, असे त्याने आपल्या आत्मकथनात हिशेबाच्या सुरात सांगितले आहे. हे आत्मकथन १७९८ मध्ये कनेटिकटमधल्या न्यू लंडन येथे छापले गेले. त्याला लिहिता येत नव्हते, त्याने सांगितलेले एका शाळामास्तरांनी उतरवून घेतले असे मानतात. ईस्ट हॅडमच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर हा आफ्रिकी राजाचा मुलगा होता असे स्पष्ट कोरले आहे. आडनाव मात्र स्मिथच. पुढे एखादा वंशावळकार नुसती नावांची यादी चाळत गेला तर त्याला इथे इंग्लंडमधला एखादा लोहारच दिसेल.

आता १८१९ साल.

पहिला स्मिथ खलाशी. विल्यम स्मिथ, उत्तर इंग्लंडमधल्या ब्लाइथ बंदराचा. 'विल्यम्स' नावाचे दोन डोलकाठ्यांचे मालवाहू जहाज घेऊन तो दक्षिण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून केप हॉर्नला वळसा घालत चिलीतल्या व्हालपाराइसो बंदराकडे निघाला होता. केप हॉर्नचा समुद्र म्हणजे खलाशांचे स्मशान. वारा उलटा होता, म्हणून त्याने जहाज नेहमीपेक्षा बरेच दक्षिणेला नेले, आणि १९ फेब्रुवारी १८१९ रोजी सुमारे ६२ अंश दक्षिण अक्षांशावर त्याला बर्फाने झाकलेली जमीन दिसली. कोणत्याही नकाशावर नसलेली. कॅप्टन कुक १७७०च्या दशकात अंटार्क्टिकाभोवती फिरून आला होता, पण त्यालाही ही बेटे दिसली नव्हती.

व्हालपाराइसोला पोहोचल्यावर स्मिथने तिथल्या ब्रिटिश आरमाराच्या अधिकाऱ्याला, कॅप्टन शेरेफला, हे सांगितले. शेरेफचा विश्वास बसला नाही. मालवाहू जहाजाचा कप्तान, ढगांना किंवा हिमनगाला जमीन समजला असेल! स्मिथ परतीच्या वाटेवर पुन्हा दक्षिणेला उतरला, पण तेव्हा ऐन हिवाळा होता आणि समुद्र गोठत चालला होता. इकडे बंदरात बातमी फुटली होती. सीलच्या कातड्याचा धंदा करणाऱ्या अमेरिकनांनी त्याला जागा दाखवण्यासाठी पैसे देऊ केले, आणि देशाचा हक्क आधी म्हणून त्याने नकार दिला, अशी हकीकत आहे. ऑक्टोबरमध्ये तो तिसऱ्यांदा गेला, खरोखर उतरला आणि आपल्या राजाच्या नावाने त्याने ताबा सांगितला. हीच आजची साउथ शेटलंड बेटे.

मग शेरेफला पटले. त्याने काय करावे? स्मिथचेच जहाज भाड्याने घेतले, त्यावर एडवर्ड ब्रॅन्सफील्ड या आरमारी अधिकाऱ्याला प्रमुख नेमले आणि स्मिथला वाटाड्या केले. ३० जानेवारी १८२० रोजी या जहाजावरून अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे टोक दिसले. अंटार्क्टिकाची भूमी पाहणाऱ्या अगदी पहिल्या माणसांत हे लोक येतात. बेलिंग्सहाउझेन या रशियन अधिकाऱ्याला बर्फाची कड काही दिवस आधी दिसली, म्हणून पहिला कोण यावर अजून भांडण चालते. त्या भांडणात नावे घेतली जातात ती बेलिंग्सहाउझेनचे आणि ब्रॅन्सफील्डचे. ज्याचे जहाज आणि ज्याला वाट ठाऊक, त्याचे नाव तळटीपेत.

ब्रॅन्सफील्डवर माझा राग नाही. त्याने नकाशा काढला, आणि तो चांगला काढला. पण पुढची हकीकत वाचून वाईट वाटते. दोन-तीन हंगामांत इंग्रज-अमेरिकन जहाजांनी त्या बेटांवरचे फरचे सील लाखोंनी मारून जवळजवळ संपवले. पुष्कळांनी पैसा केला. स्मिथचे भागीदार बुडाले. त्याने सरकारकडे बक्षिसासाठी अर्ज केला, काही मिळाले नाही. १८४७ मध्ये तो लंडनच्या एका धर्मादाय आश्रमात वारला. तिकडे ब्रॅन्सफील्डच्या नावाची भली मोठी सामुद्रधुनी आहे. स्मिथच्या नावाचेही एक बेट आहे, उंच डोंगरांचे. पण नकाशात 'स्मिथ आयलंड' वाचून कोणता स्मिथ हा प्रश्न पडतोच.

दुसरा स्मिथही विल्यमच. फेब्रुवारीत एक विल्यम स्मिथ जगाच्या टोकाला नवी जमीन पाहत होता, आणि त्याच वर्षी ११ जूनला दुसरा विल्यम स्मिथ लंडनमध्ये कर्ज फेडता न आल्याने किंग्ज बेंच तुरुंगात गेला. त्यानेही जमीनच शोधली होती, पण सगळ्यांच्या पायाखालची.

हा खऱ्या अर्थाने लोहाराचा पोर. १७६९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावी जन्म, वडील गावचे लोहार. आठ वर्षांचा असताना वडील गेले आणि काकांनी वाढवले. त्या भागातल्या गवळणी लोणी तोलायला शेतात सापडणारे गोल दगड वजन म्हणून वापरत. ते दगड म्हणजे समुद्रातल्या काटेरी प्राण्यांचे जीवाश्म होते. समुद्रापासून इतक्या दूर हे प्राणी शेतात कसे आले, हा विचार त्या पोराच्या डोक्यात बसला. शाळा बेताची झाली. पुढे तो जमीन मोजणाऱ्याच्या हाताखाली शिकला आणि सॉमरसेटमध्ये कोळशाच्या खाणी आणि कालव्याच्या कामावर लागला.

कालव्याचे खोदकाम म्हणजे जमिनीला मैलोन् मैल दिलेला उभा छेद. स्मिथच्या लक्षात आले की खडकांचे थर कुठेही पाहिले तरी त्याच क्रमाने येतात. पण दोन थर दिसायला अगदी सारखे असू शकतात. मग ओळखायचे कसे? तर त्यातल्या जीवाश्मांवरून. प्रत्येक थरात जीवाश्मांचा संच वेगळा. नाव-रंग एकच असलेली दोन माणसे जन्मखुणेवरून वेगळी ओळखावीत, तसे. स्मिथ नावाच्या माणसाला हे सुचावे यात मला गंमत वाटते. १७९९ मध्ये कालव्याच्या कंपनीने त्याला नोकरीवरून काढले. त्याच वर्षी त्याने बाथमध्ये दोन पाद्री मित्रांपुढे थरांचा तक्ता तोंडी सांगितला आणि त्यांनी तो लिहून घेतला. त्याच्या प्रती हातोहात फिरल्या. कोणी कोठून घेतले याचा हिशेब त्यानंतर राहिला नाही.

पुढची पंधरा वर्षे हा माणूस घोडागाडीने, घोड्यावर, पायी असा सारा इंग्लंड-वेल्स एकट्याने हिंडला. पोटासाठी पाण्याचा निचरा आणि पाझर यांची कामे घ्यायची, आणि वाटेत खडक पाहायचे. १८१५ मध्ये त्याचा नकाशा छापून आला. साडेआठ फूट उंच, सहा फूट रुंद, दर थराला वेगळा रंग, आणि प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली. एका अख्ख्या देशाच्या पोटात काय आहे हे दाखवणारा असा नकाशा त्याआधी झाला नव्हता. मी तो पडद्यावर मोठा करून पाहिला आहे. थराच्या तळाशी रंग गडद आणि वर फिका होत जातो, त्यामुळे सपाट कागदावर थर एकमेकांवर टेकलेले दिसतात. दोनशे वर्षांपूर्वी, ब्रश घेऊन.

लंडनमध्ये १८०७ पासून जिऑलॉजिकल सोसायटी होती. सभासद बहुतेक धनिक, हौसेने भूशास्त्र करणारे. लोहाराच्या पोराला, पैसे घेऊन मोजणी करणाऱ्याला, त्यात जागा नव्हती. सोसायटीचा पहिला अध्यक्ष जॉर्ज ग्रीनॉ १८०८ मध्ये स्मिथच्या घरी येऊन त्याचा जीवाश्मसंग्रह पाहून गेला, आणि त्यानंतर सोसायटीनेच इंग्लंडचा भूशास्त्रीय नकाशा करायला घेतला. त्यात स्मिथच्या कामाचा आधार होता. तो नकाशा बाजारात स्वस्त आला, स्मिथच्या नकाशाची मागणी बसली. स्मिथने आधीच घेतलेली कर्जे फुगत गेली. आयुष्यभर जमवलेले जीवाश्म त्याने ब्रिटिश म्युझियमला अवघ्या ७०० पौंडांना विकले, तरी भागले नाही. खुद्द ग्रीनॉच्या नकाशावर साल आहे १८१९.

३१ ऑगस्टला तो तुरुंगातून सुटला तेव्हा घर आणि सामान जप्त झालेले होते. बायको मानसिक आजाराने खचलेली. बरोबर एक अनाथ भाचा होता, जॉन फिलिप्स, ज्याला त्याने सांभाळले होते. ही मंडळी लंडन सोडून उत्तरेला गेली आणि बारा वर्षे मिळेल ते मोजणीचे काम करत राहिली. मग सोसायटीत नवी पिढी आली. १८३१ मध्ये तिने आपले पहिले वोलॅस्टन पदक विल्यम स्मिथला दिले, आणि अध्यक्ष ॲडम सेजविक यांनी त्याला इंग्लिश भूशास्त्राचा जनक म्हटले. भाचा पुढे ऑक्सफर्डला भूशास्त्राचा प्राध्यापक झाला. आज सोसायटीच्या लंडनमधल्या इमारतीत स्मिथचा आणि ग्रीनॉचा असे दोन्ही नकाशे शेजारी शेजारी टांगलेले आहेत. हा शेजार ज्याने ठरवला त्याचे मला कौतुक वाटते.

स्मिथच्या रीतीचा आपल्याशीही संबंध आहे. आपला दख्खन म्हणजे लाव्हाचे थरावर थर, काळा कातळ, आणि लाव्हात जीवाश्म कुठले असणार? पण दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, झाडे उगवली, शिंपले जगले, आणि पुढच्या लाव्हाखाली ते सगळे गाडले गेले. नागपूरजवळ असे मधले थर सापडले. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी त्यांतले जीवाश्म जमवून १८५०च्या दशकात लंडनच्या त्याच सोसायटीच्या नियतकालिकात त्यांवर लिहिले. खडकाचे वय आतल्या जीवांवरून काढायचे, ही स्मिथचीच वाट. आज किरणोत्सारी मोजणीने या लाव्हाचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे धरतात. आपला प्रत्येक गड आणि प्रत्येक लेणे याच कातळाचे. तिसरा स्मिथ भेटतो तोही याच कातळात, अजिंठ्याला.

तो तिथे आला याला कारण आणखी एक स्मिथ आहे. पेशव्यांविरुद्धच्या शेवटच्या युद्धात बाजीरावाच्या पाठलागावर असलेल्या इंग्रजी फौजेचा सेनानी होता जनरल लायोनेल स्मिथ. फेब्रुवारी १८१८ मध्ये सोलापूरकडच्या आष्टीला त्याने मराठी फौज गाठली. बापू गोखले तिथेच पडले. जूनमध्ये बाजीराव शरण गेला. या जनरल स्मिथला आपण पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले. पण मुलूख पडल्यानंतर वर्षभरात इंग्रज अधिकारी सह्याद्रीच्या खोऱ्यांत निवांत वाघाच्या शिकारीला हिंडू लागले, ते त्या ओळीमुळे.

अजिंठ्याचे खोरे निजामाच्या हद्दीत होते. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातला घोडदळाचा तरुण अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या त्या घोड्याच्या नालासारख्या वळणापाशी आला. समोरच्या कड्यात झाडीच्या आडून त्याला एका मोठ्या कमानीचा वरचा भाग दिसला. एका गुराखी पोराने वाट दाखवली असे सांगतात. ते दहा क्रमांकाचे लेणे, चैत्यगृह. स्मिथ आत गेला, रंगवलेले खांब पाहिले, आणि एका खांबावरच्या चित्रातच टोकदार काहीतरी घेऊन आपले नाव, पलटण आणि तारीख कोरली.

बस, एवढेच. स्मिथने अजिंठ्यावर पुस्तक लिहिले नाही, चित्रे काढली नाहीत, मोजमाप घेतले नाही. मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे लेण्यांविषयीचा निबंध १८२२ मध्ये वाचला तो विल्यम अर्स्किन यांनी. चित्रांच्या नकला करण्यात वर्षानुवर्षे घालवली ती मेजर रॉबर्ट गिल यांनी, आणि त्यांतल्या बऱ्याचशा लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. तरी 'अजिंठ्याचा शोध कोणी लावला' या प्रश्नाला शाळेत उत्तर शिकवतात ते जॉन स्मिथ, १८१९. अजिंठ्याची सहल आपल्यापैकी बहुतेकांनी केली असेल. गाईड बॅटरीचा झोत टाकून ती सही दाखवतो आणि पोरे ती पद्मपाणीपेक्षा जास्त वेळ पाहतात.

शोध हा शब्द इथे मला अडखळवतो. अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवर माणूस राहत नव्हता. तिथे खलाशी स्मिथने जे केले त्याला शोधच म्हणावे लागेल, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. अजिंठ्याला खोऱ्याशेजारच्या गावाचे नावच लेणापूर आहे. गावाच्या नावात लेणे असताना ते तिथल्या लोकांना ठाऊक नव्हते असे म्हणायचे, म्हणजे नकाशावर न आलेले सगळे हरवलेले मानायचे. गुरे राखणारी पोरे तिथे जात होती. वाघाच्या भीतीने आत खोल जात नसतील, पण जात होती. जॉन स्मिथने लेणी हुडकली नाहीत. इंग्रजांच्या दप्तरात त्यांची पहिली नोंद होण्याचे निमित्त तो झाला. हे महत्त्वाचे नाही असे मी म्हणत नाही. त्या नोंदीमुळेच पुढे अभ्यास झाला आणि जतन झाले. पण नोंद करणे आणि शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शाळेतल्या प्रश्नात त्या एक होतात.

त्याच लेण्यावर आणखी एका माणसाचे नाव कोरलेले आहे. दर्शनी कमानीपाशी ब्राह्मी लिपीत छोटासा लेख आहे. हे लेण्याचे मुख वासिठीपुत कटहादि याचे दान, असा त्याचा अर्थ. काळ इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. म्हणजे कातळ फोडायला पैसे देणाऱ्याने स्वतःचे नाव आईच्या नावासकट लिहून ठेवले होते. जॉन स्मिथ त्याच्या खालून आत गेला असणार. पण १८१९ मध्ये तो लेख वाचू शकणारा माणूस सबंध पृथ्वीवर नव्हता. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची अक्षरे उलगडली ती १८३७ च्या सुमारास. त्या दिवशी लेण्यावर दोन नावे होती, एक ताजे आणि एक दोन हजार वर्षांचे, आणि वाचता येण्यासारखे फक्त स्मिथचे होते.

छिन्नी चालवणाऱ्याचे नाव मात्र दोघांपैकी कोणीच लिहिले नाही. त्या छिन्नीला दर काही तासांनी पाणी देऊन धार लावून देणारा एक लोहार खाली नदीकाठी भाता चालवत बसलेला असणारच, कारण त्याशिवाय हा कातळ हटत नाही. इंग्रजीत त्यालाही स्मिथच म्हटले असते.

स्मिथ आत गेला तेव्हा लेण्यात शतकानुशतकांचा गाळ आणि दगडमाती सुमारे पाच फूट साचली होती. तो त्या ढिगावर उभा होता, आणि उभ्या उभ्या हाताला आले तिथे त्याने नाव कोरले. पुढे ढीग उपसला, मूळची जमीन उघडी झाली. आता ती सही डोक्याच्या बरीच वर आहे आणि ती बघायला मान उंच करावी लागते.